कशावरून?

आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सभासद त्रेचाळीस. त्यात मुंबईच्या दोन आत्या, चाकणच्या कंपन्यांत असलेले तीन चुलतभाऊ, एक दुबईवाले काका आणि उरलेलं सगळं गाव. गाव म्हणजे जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढे सात-आठ किलोमीटर. सकाळी साडेसहाला गुलाबाच्या फुलावर छापलेला सुविचार येतो आणि मग रात्री अकरापर्यंत टोमॅटोचा भाव, लग्नपत्रिका, ब्लडप्रेशरवर लसणाचा उपाय अशी मालिका चालू राहते. तुमच्याकडेही असेलच असा एखादा. नसेल तर नशीबवान आहात.

तर या ग्रुपवर मला एक मानाचं पद आहे. कुठलाही व्हिडिओ आला की तो खरा की खोटा हे मी सांगायचं. नेमणुकीचं पत्र वगैरे कुणी दिलेलं नाही. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, पुण्यात आयटीत, म्हणजे प्रिंटर दुरुस्त करण्यापासून मोबाइलमधला फोटो मोठा करण्यापर्यंत सगळं मला येतंच, अशी घरच्यांची समजूत. (ऑफिसात मी बँकेच्या सॉफ्टवेअरचे रिपोर्ट दुरुस्त करतो. पण हे घरी सांगून उपयोग नाही.)

या पदावरचा माझा पहिला विजय एप्रिल २०२४ मधला. बाबांनी मला एक व्हिडिओ पाठवला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे प्रमुख आशिषकुमार चौहान स्वतः बसून कुठले शेअर घ्यायचे ते सांगतायत. चेहरा तोच, आवाज तोच. बाबा रिटायर होऊन सहा महिने झाले होते आणि बँकेतल्या एफडीचे चाळीस हजार त्यांच्या हाताला खाजवत होते. मी त्यांना विचारलं, "बाबा, ज्या माणसाच्या हातात सगळा बाजार आहे तो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टिप कशाला देईल?" मग एक्स्चेंजच्या स्वतःच्या साइटवर गेलो. तिथे सूचनाच लावलेली होती, की आमच्या प्रमुखांचे असे बनावट व्हिडिओ फिरतायत, विश्वास ठेवू नका. चाळीस हजार वाचले. बाबांनी ही गोष्ट ग्रुपवर टाकली आणि माझं पद पक्कं झालं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. त्या वेळी मी व्हिडिओतल्या ओठांकडे, डोळ्यांकडे बघत बसलो नव्हतो. हा माणूस असं करेल का, आणि त्याच्या घरचे काय म्हणतायत, एवढंच बघितलं होतं. हे शहाणपण मी पुढे दीड वर्षात साफ विसरलो. असो.

*

२०२५ ची दिवाळी आमच्याकडे भीतीतच गेली. शिरूर तालुक्यातलं पिंपरखेड आमच्यापासून गाडीने तास-दीड तासावर. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साधारण तीन आठवड्यांत बिबट्याने तीन माणसं मारली. साडेपाच वर्षांची मुलगी, ब्याऐंशी वर्षांची आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला. शेवटी वनखात्याने नेमबाज बोलावून एक बिबट्या ठार केला.

शहरातल्या लोकांना वाटतं बिबट्या जंगलातून गावात येतो. आमच्याकडे तो उसातच जन्माला येतो. धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. बारा-चौदा महिने उभं राहणारं पीक, आत गारवा, आडोसा, आणि बाहेर पडलं की कुत्री, शेळ्या, वासरं. मादी उसातच पिल्लं घालते. पिल्लांना तेच त्यांचं रान. ऊसतोड सुरू झाली की ते रान रातोरात नाहीसं होतं आणि मग ही जनावरं सैरभैर फिरतात. आमच्या लहानपणी "बिबट्या दिसला" ही महिनाभर पुरणारी बातमी असायची. आता ती मिस्ड कॉलइतकी साधी झालीय.

त्या दिवसांत ग्रुपवर गुलाबाची फुलं बंद झाली आणि फक्त बिबटे आणि वाघ येऊ लागले. रोज चार-पाच व्हिडिओ. खरं भय होतंच, त्यावर एआयवाल्यांनी हात धुऊन घेतला. ब्रह्मपुरीच्या वनविभागाच्या विश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो, हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. सीसीटीव्हीसारखा कोन, वर तारीख-वेळ छान छापलेली. चंद्रपूरच्या वनखात्याला सांगावं लागलं की असं काही घडलेलंच नाही, व्हिडिओ एआयने बनवलाय. दुसरा पेंचचा. रात्री रस्त्यावर एक झिंगलेला माणूस वाघाला मांजरासारखा कुरवाळतोय आणि वर त्याला बाटली पाजायला बघतोय! तोही खोटा. आमच्या दुबईच्या काकांनी तो चार वेळा पाठवला.

मी जोरात होतो. आलेला प्रत्येक व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचा, चूक शोधायची, लाल गोल काढून ग्रुपवर टाकायचा. "बघा, शेपूट खांबातून आरपार गेली." "बघा, सावली उलटी पडलीय." लोक अंगठे दाखवायचे. एका आत्याने मला 'आमचा सायबर सेल' असं नाव ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं फार आवडत होतं. ऑफिसात माझं कुणी एवढं ऐकत नाही.

*

डिसेंबरमधला गुरुवार. संध्याकाळी साडेसहाची वेळ. मी ऑफिसच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, कानात मीटिंग चालू. ग्रुपवर दादाने (माझा चुलतभाऊ, गावी शेती बघतो) व्हिडिओ टाकला. वर लिहिलं होतं, "आपल्या मागच्या पोल्ट्रीवरचा. काल रात्रीचा."

अकरा सेकंद. काळापांढरा. उजवीकडून एक जनावर येतं, बांधावरून चालतं, थांबतं, कॅमेऱ्याकडे बघतं आणि उसात शिरतं.

मी तो दोनदा बघितला. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. चालताना पुढचा पाय मागच्या पायात विरघळल्यासारखा दिसत होता. शेपूट एका क्षणी होती, पुढच्या क्षणी नव्हती. अंगावर ठिपके जवळजवळ नाहीतच. आणि कळस म्हणजे कोपऱ्यातली तारीख होती ०१-०१-२०००. मला हसूच आलं. ज्याने कुणी बनवलाय त्याला तारीखसुद्धा धड टाकता आली नाही!

मी लिहिलं, "फेक आहे. एआय. पुढे पाठवू नका." आणि खाली हात जोडलेली खूण.

सात अंगठे आले. आप्पांनी (माझे थोरले चुलते, दादाचे वडील) फक्त "बरं" लिहिलं. मी मीटिंगमध्ये परत गेलो.

शुक्रवारी सकाळी सहाला दादाचा फोन. पहाटे पाचच्या सुमाराला बिबट्याने कालवड नेली. दीड वर्षाची, चांदी नावाची. उसाला लागून जो उघडा छपराचा गोठा आहे तिथे बांधलेली होती. काकी धारा काढायला बॅटरी घेऊन निघाली होती. दहा-बारा पावलांवर असताना दावं तुटल्याचा आवाज आला. तिने बॅटरी मारली तर दोन डोळे चमकले.

काकीला काही झालं नाही. हे मी लगेच सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ते दादाच्या तोंडून कळेपर्यंत मध्ये चार-पाच सेकंद गेले आणि ते चार-पाच सेकंद मी कुणाला देऊ इच्छित नाही.

फोन ठेवता ठेवता दादा सहज बोलून गेला. "काल व्हिडिओ आला तेव्हा आप्पा म्हणले होते, चांदीला आज आत पडवीत घेऊ. मग तुझा मेसेज आला."

त्याने टोमणा मारला नव्हता. नुसता घटनाक्रम सांगितला.

*

शनिवारी पहिल्या एसटीने गेलो. काकीने चहा दिला, कप हातात ठेवताना तिचा हात अजून हलत होता. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला तोंडावर कुणी बोलत नाही, हा एक त्रासच आहे.

गोठ्यात पंचनामा आदल्या दिवशीच झाला होता. वनरक्षक पुन्हा ठसे बघायला आले होते, पिंजरा कुठे लावायचा ते ठरवायला. पंचविशीतला पोरगा, माझ्यापेक्षा लहानच. पाटाच्या कडेच्या ओल्या मातीत त्याने मला ठसा दाखवला. म्हणाला, "कुत्र्याच्या ठशात पुढं नखं उमटतात. हा चालताना नखं आत घेतो, म्हणून नुसती बोटं आणि गादी दिसते. बघा, नखं नाहीत." मग तो दादाला एकेक विचारत गेला. कुणी पाहिला? किती वाजता? कुठल्या बाजूने आला, कुठे गेला? कुत्री कधी भुंकली? दुसऱ्या कुणाला दिसला का? सगळं वहीत लिहून घेतलं. कॅमेऱ्याचं फुटेज आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मोबाइलमधलं नको. जिथं रेकॉर्ड झालं तिथं दाखवा."

मग आम्ही पोल्ट्रीवर गेलो. खाद्याच्या पोत्यांमागे धुळीने माखलेला डीव्हीआर होता आणि वर एक जुना मॉनिटर. तिथे मी तो व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला, आणि माझे चारही पुरावे एकेक करून माझ्याच डोळ्यांदेखत गळून पडले.

तारीख आधी. डीव्हीआरच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढा एक सेल असतो. तो मेला की लाईट गेल्यावर घड्याळ पुसलं जातं आणि परत चालू होताना १ जानेवारी २००० पासून मोजायला लागतं. आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पोल्ट्रीवाल्या भाऊंनी दोन वर्षांत कधी घड्याळ लावलंच नव्हतं. मी स्वतः सर्व्हरवर अशा चुकलेल्या तारखा शेकड्याने पाहिल्यात! ब्रह्मपुरीच्या खोट्या वाघावर तारीख कशी चोख होती. आमच्या खऱ्या बिबट्यावर चुकलेली होती.

पाय विरघळण्याचं कारण अंधार. रात्री पुरेसा उजेड मिळावा म्हणून कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात पाय पुढे गेलेला असतो, म्हणून फराटा उमटतो. त्यात हार्ड डिस्क भरू नये म्हणून भाऊंनी सेकंदाला आठच चित्रं घ्यायला लावलेली. ठिपके गेले ते कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेड दिव्यामुळे, जवळून त्याचा झोत पडला की अंग पांढरंफटक दिसतं. आणि शेपूट कॉम्प्रेशनने खाल्ली. व्हिडिओ साठवताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. अंधारात बारीक हलणारी शेपूट त्या हिशोबात सहज गळते. त्यात भाऊंनी तो मॉनिटरवरून मोबाइलने शूट केलेला, मग व्हॉट्सअ‍ॅपने आणखी दाबलेला.

यातली एकही गोष्ट मला नवीन नव्हती. हेच तर माझं शिक्षण! पण बसमध्ये बसून मी 'एआयची चूक' शोधत होतो, आणि ज्याला चूकच शोधायची असते त्याला ती सापडते. ऑफिसात टेस्टर एखादा बग टाकतो आणि आपण आपल्या मशिनवर एकदा चालवून 'नॉट रिप्रोड्युसिबल' म्हणून बंद करतो, अगदी तसं. फरक एवढाच की इथे तिकीट परत उघडायला चांदी परत येणार नव्हती.

आणि डीव्हीआरमध्ये आणखी एक गोष्ट होती जी मोबाइलमध्ये नव्हती. त्या अकरा सेकंदांच्या आधीचं आणि नंतरचं. दोन मिनिटं आधी भाऊंची दोन्ही कुत्री शेपूट घालून उलट्या दिशेने पळताना दिसली. आणि वीस सेकंदांनी तेच जनावर कॅमेरा नंबर तीनमध्ये, दुसऱ्या कोनातून, पत्र्याच्या शेडमागून जाताना दिसलं. दादाला मी गुरुवारी फक्त एक फोन केला असता तर हे सगळं मला कळलं असतं.

संध्याकाळी ओट्यावर आप्पा तंबाखू मळत बसले होते. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी रागावलो नाय. पण एक विचारतो. तू खोटा म्हणलास, ते कशावरून?"

मी पाय, शेपूट, ठिपके, तारीख सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चित्रावरूनच. भाऊला कुणी विचारलं नाय."

मी म्हटलं, "नाही आप्पा."

"बरं," ते म्हणाले. गुरुवारी ग्रुपवर लिहिलं होतं तेच 'बरं'.

*

परतीच्या एसटीत माळशेजकडून येणारा गार वारा खात मी हाच विचार करत होतो. चित्र बघून चूक शोधायची ही विद्या मला आली कुठून? तर २०२३ मधून. तेव्हा एआयच्या चित्रांत माणसाला सहा बोटं असायची, पाटीवरची अक्षरं किड्यामुंग्यांसारखी दिसायची. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये रश्मिका मंदानाचा तो लिफ्टमधला व्हिडिओ गाजला, त्यातही दाराशी चेहरा बदलतानाचा क्षण नीट बघितलं तर पकडता येत होता. आपण सगळे तेव्हा शिकलो, की बारकाईने बघा, खोटं सापडतं.

पण ती विद्या फार लवकर शिळी झाली. मे २०२५ मध्ये गूगलचं व्हिओ ३ आलं, चित्राबरोबर आवाजही तयार करणारं. सप्टेंबरअखेर ओपनएआयचं सोरा २ आलं. आणि मधल्या काळात बनवणाऱ्यांना एक युक्ती सापडली. व्हिडिओ मुद्दाम सीसीटीव्हीसारखा बनवायचा! जुलै २०२५ मध्ये रात्रीच्या वेळी अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या सशांचा एक व्हिडिओ जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. तो एआयचा होता. लोक फसले कारण सगळं धूसर, काळपट, वरून घेतलेलं. धूसर चित्रात चुका लपतात. म्हणजे सीसीटीव्ही ही एकाच वेळी खरं सांगणारी आणि खोटं लपवणारी गोष्ट झाली. खोटा व्हिडिओ खऱ्यासारखा दिसतो हे तर आपण रोज वाचतोच. खरा व्हिडिओ खोट्यासारखा दिसतो, हे मला चांदीने शिकवलं.

मशिनला विचारावं का? विचारा, पण उत्तर नीट समजून घ्या. गूगल आपल्या एआयने केलेल्या चित्र-व्हिडिओत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण घालतं. ती सापडली तर प्रश्न मिटला, खोटा. नाही सापडली तर काय? दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरने केला असेल, किंवा खरा असेल. काहीच कळलं नाही. याच्या उलटा उपाय सीटूपीएवाल्यांचा. अ‍ॅडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून २०२१ मध्ये सुरू केलेला. त्यात व्हिडिओलाच सातबारा जोडायचा, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, पुढे कुणी काय बदललं. कल्पना मला फार आवडली. पण भाऊंच्या डीव्हीआरला सातबारा कोण देणार? आणि दिला तरी मॉनिटरवरून मोबाइलने शूट केल्यावर तो मागेच राहणार. आपल्याकडे २० फेब्रुवारी २०२६ पासून नियमही आलेत, एआयने केलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. चांगलंच आहे. पण ज्याला फसवायचंय तो लेबल कशाला लावेल? आणि लेबल नाही म्हणून खरा, असं लोक मानायला लागले तर पुन्हा पंचाईत.

बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकेतल्या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१९ मध्येच एक गोष्ट लिहून ठेवली होती. बनावट व्हिडिओ वाढले की खऱ्या व्हिडिओत सापडलेला माणूसही "तो बनावट आहे" म्हणून सुटेल. याला त्यांनी खोटारड्याचा लाभांश म्हटलं. आमच्या बाबतीत गंमत अशी की खोटारडा कुणीच नव्हता. मी प्रामाणिकपणे, लोकांच्या भल्यासाठी, छातीठोकपणे चुकलो. लाभांश बिबट्याला मिळाला.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालून शेतात काम करतायत, ते चित्र नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळीकडे आलं होतं. बिबट्या मान धरतो म्हणून. माझ्या टीममधला बंगळुरूचा एक मुलगा ते बघून म्हणाला, "हे एआय आहे रे, असं कुठे असतं का?" ते खरं होतं. त्या बायका आमच्याच भागातल्या, पट्टे खरे, खिळे खरे. ज्याला ते आयुष्य माहीत नाही त्याला ते खोटं वाटणारच. 'असं कुठे असतं का' हे आपल्या अनुभवाचं माप असतं, व्हिडिओचं नव्हे.

*

मग आता मी काय करतो? फार काही नाही. तीन-चार सवयी लावून घेतल्यात.

पहिली, व्हिडिओ बघायच्या आधी पाठवणाऱ्याला विचारतो. कुणाच्या कॅमेऱ्यातला? तुला कुणी पाठवला? त्याला फोन लावता येईल का? साखळीच्या दुसऱ्या टोकाला नाव असलेला, विचारलं तर उत्तर देणारा माणूस सापडला तर अर्धं काम झालं. "कुठून तरी आला" असं असेल तर तो कितीही स्वच्छ दिसो, माझ्या लेखी तो निनावी पत्रासारखा. गुरुवारच्या व्हिडिओवर दादाने स्पष्ट लिहिलं होतं, मागच्या पोल्ट्रीवरचा. पत्ता दिलेला होता. मी पत्ता न वाचताच पत्र फाडलं.

दुसरी, आधी आणि नंतरचं मागतो. दुसरा कॅमेरा, दुसरा साक्षीदार, ठसा, स्थानिक वार्ताहर, वनखातं. वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आता ग्रुपवर सगळ्यात वर टाचून ठेवलाय. घडलेली गोष्ट एकट्या व्हिडिओत राहत नाही, ती आजूबाजूला सांडलेली असते. उद्या एआय तासाभराचा व्हिडिओ बनवेल, दोन कोनांतून बनवेल. पण पाटाच्या चिखलात ठसा उमटवायला त्याला अजून वेळ आहे.

तिसरी, चुकलो तर काय होईल याचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडतो. शेअरच्या टिपचा व्हिडिओ खरा असून मी खोटा मानला तर माझं काय जातं? काही नाही. एफडी जागेवर. बिबट्याचा व्हिडिओ खोटा असून खरा मानला तर? एक कालवड एक रात्र पडवीत झोपते, काकी बॅटरीबरोबर काठी घेते आणि मोबाइलवर गाणी लावून गोठ्यात जाते. बास. आणि उलट झालं तर काय होतं ते सांगून झालंय. म्हणजे व्हिडिओ तोच असला तरी संशय कुठल्या बाजूने घ्यायचा ते दर वेळी वेगळं. पैसे मागणाऱ्यावर संशय घ्यावा, आणि सावध राहा म्हणणाऱ्याचं निदान एक रात्र ऐकावं. फक्त माणसांविरुद्ध भडकवणारा व्हिडिओही 'सावध राहा' असाच वेष घेऊन येतो. तिथे दार लावून घेण्यापलीकडे काही करू नये, आणि पुढे तर मुळीच पाठवू नये.

आणि चौथी सवय सगळ्यात जड गेली. "माहीत नाही" असं लिहायचं. त्रेचाळीस माणसं उत्तराची वाट बघत असताना इंजिनिअर माणसाने "माहीत नाही, दादाला विचारून सांगतो" असं लिहिणं म्हणजे पदाचा राजीनामाच. पण 'खोटं आहे' हेसुद्धा एक विधान आहे आणि त्यालाही पुरावा लागतो, हे मी तोवर कधी धरलंच नव्हतं. खरं म्हणणाऱ्याला मी दहा प्रश्न विचारत होतो आणि खोटं म्हणणाऱ्या स्वतःला एकही नाही.

आप्पांनी उघड्या गोठ्याला आता जाळी मारून घेतलीय. पिंजऱ्यात बिबट्या काही सापडला नाही, ऊस तुटल्यावर तो पलीकडे कुठे तरी सरकला असणार. भाऊंच्या डीव्हीआरमध्ये मी स्वतः नवीन सेल बसवून घड्याळ लावून आलो. एवढं तरी करायलाच हवं होतं.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा एक आला. विहिरीच्या कठड्यावर बसलेला बिबट्या, चांदणं, अगदी देखणा. दुबईच्या काकांनीच पाठवला होता. मी टाइप करायला घेतलं, तेवढ्यात आप्पांचा मेसेज आला. आप्पा एका बोटाने टाइप करतात, विरामचिन्हं टाकत नाहीत.

"कुणाची विहीर कुणी काढला कधी"

काकांचं उत्तर अजून आलेलं नाही. कालवडी मात्र त्या रात्री सगळ्या पडवीत होत्या, असं काकी म्हणाली.